पहिल्यापासूनची बाकं

फर्दापूरजवळच्या सरकारी शाळेत पोरं फरशीवर बसायची. निधी कुठं मुरतो, हे विचारायला गावानं हायकोर्ट गाठलं. कोर्टानं पाहणीला वकीलबाई पाठवल्या. त्या यायच्या आत शिक्षण खात्याच्या साहेबानं मेव्हण्याच्या इंग्रजी शाळेतली चाळीस बाकं एका दिवसापुरती आणून मांडली.

"ही बाकं कुणाची?" वकीलबाईंनी विचारलं.

"शाळेचीच! पहिल्यापासूनची!" साहेब छाती काढून बोलला.

"मग तसं लिहून सही करा."

त्यानं केली.

संध्याकाळी बाकं न्यायला ट्रक आला. मुख्याध्यापिका संध्याबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"साहेब, शाळेचा माल कुठं नेता? कोर्टाला लिहून दिलंय ना तुमी?"

ट्रक रिकामा गेला. शाळा कवाच सुटली होती, पण एक पोरगं बाकावरून उठायला तयार नव्हतं.