चाळिसावी तळटीप

"ही चाळिसावी तळटीप धादांत खोटी आहे." प्रोफेसर न्यार्कोंनी प्रबंध टेबलावर आपटला. "गावाची कहाणी सांगणाऱ्या याव मानूचं नाव तू माझ्या पुस्तकातून उचललंस. अडुमकुरो गावाला गेलीच नाहीस, आणि वर लिहितेस, 'समाधी स्वतः पाहिली'."

"पाहिलीय, सर," त्यांची विद्यार्थिनी अटाआ म्हणाली.

"तिथे समाधी नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मला माहीत आहे. सोमवारी समितीला सांगून विद्यापीठातून तुझं नावच काढून टाकायला लावतो."

सहा वर्षं अटाआने या प्रबंधापायी हाडाची काडं केली होती. गावोगावच्या म्हाताऱ्यांपुढे बसली, एकेका वाक्याखाली सांगणाऱ्याचं नाव टाकलं. हे न्यार्कोंनीच शिकवलेलं. तळटीप खोटी तर वरचं पानही खोटं, असं ते वर्गात बजावायचे. आणि आता हाच माणूस तिला चोर ठरवत होता. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"चला, दाखवते," ती म्हणाली. "समाधी नसली तर प्रबंध मीच जाळते. असली तर गावासमोर माझी माफी मागायची."

"चल. तुझी खोड मोडतोच."

कुमासी शहर सोडून तीन तास झाले होते. फाट्यावर न्यार्कोंनी ब्रेक दाबला. "डावीकडे की उजवीकडे?"

"उजवीकडे. तुम्ही आला होतात ना?"

"तेव्हा हा रस्ता नव्हता," ते खेकसले.

अडुमकुरोत नाना बादू, गावातले सगळ्यात जुने, ओसरीवर बसले होते. न्यार्कोंनी भेटीची जिनची बाटली पुढे केली आणि लगेच विषय काढला. नानांनी हात वर केला.

"आधी पाणी, मग काम. एवढी पुस्तकं लिहिता आणि साधी रीत विसरलात?"

न्यार्को पाणी प्याले. "याव मानूची समाधी दाखवा."

गावामागे मोठ्या झाडाखाली सिमेंटचा ओटा होता. पांढरा चुना, वर कोरलेलं नाव.

"आता बोला, सर," अटाआ म्हणाली.

न्यार्कोंनी वाकून कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं.

"तुमचं पुस्तक शाळेत आलं तेव्हा आम्हाला कळलं," नाना म्हणाले. "एवढा जाणता माणूस आपल्यात होऊन गेला आणि आपण त्याला साफ विसरलो. कुठे पुरला तेही कुणाला आठवेना. फार लाज वाटली, मग हे बांधलं. दरवर्षी त्याच्या नावाने इथे दारू शिंपडतो." त्यांचा आवाज चढला. "पण मला तुमचाही राग येतो, मास्तर. दोन दिवस त्याच्यापुढे बसलात, गावाची अख्खी कहाणी ऐकलीत, आणि त्याच्यावर लिहिलीत एक ओळ. तीही पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्याला पाहिलेले तुम्ही एकटेच उरलात. सांगा, दिसायला कसा होता तो?"

अटाआने वही उघडली.

एकतीस वर्षांपूर्वी पुलावरून पाणी गेलं म्हणून न्यार्को अर्ध्या वाटेवरून परतले होते, आणि कुमासीत खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी याव मानू हे नाव मनानेच रचलं होतं.

"उंच होता," न्यार्को म्हणाले. "डाव्या पायाने जरा लंगडायचा."

अटाआने ते लिहून घेतलं, आणि पानाच्या तळाशी आकडा घालून न्यार्कोंचं नाव टाकलं.