बोलोन्याची चव

“लसूण असतो की नाही, तेवढं नीट सांग गो,” सिराज फोनवर म्हणाला. आखातात, हवल्लीतल्या इटालियन रेस्टॉरंटच्या मागच्या दारात तो कांद्याच्या गोणीवर बसला होता. पलीकडे इटलीत, बोलोन्यात त्याची लेक अफ्रीन कॉलेजच्या सहलीसोबत फिरत होती. आर्किटेक्चर शिकणाऱ्या पोरीला त्या गावच्या न संपणाऱ्या कमानी दाखवायच्या होत्या. बापाला कमानींशी काही घेणं नव्हतं. त्याला खिम्याचा सॉस हवा होता.

“असतो ना अब्बा. लसूण एकदम पुढे येतो. टोमॅटो भरपूर, थोडा गोडसर. आणि शेवटी घशाला मिरची लागते, अगदी लाइट.”

“नक्की?”

“ऑफकोर्स! आत्ताच तर खाल्लं.”

सिराजने ते सगळं ऑर्डरच्या कागदाच्या पाठीवर लिहून घेतलं.

आठवडाभर हेच चाललं होतं. नेपल्सला ती राखेखाली गाडलेलं शहर बघून भारावली होती, तर हा विचारत होता, पिझ्झाची कड कडवट लागते का. रोमला मिरी किती, चीज खारट किती. फ्लॉरेन्सला चर्चच्या घुमटाच्या चारशे पायऱ्या चढून ती धापा टाकत होती, आणि याला ऑलिव्हचं तेल जिभेला कुठे झोंबतं ते हवं होतं. “अब्बा, तुम्ही माझी व्हायवाच घेताय,” ती हसायची. पण सांगायची मात्र मन लावून. एकोणीस वर्षं इटालियन जेवण रांधणाऱ्या आपल्या बापाने इटली पाहिली नाही, याचं तिला वाईट वाटायचं.

खरी गोष्ट तिला ठाऊक नव्हती. चार महिन्यांपूर्वी सिराजला ताप आला. ताप आठ दिवसांत उतरला, पण जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. मिठाचा खडा जिभेवर ठेवला तरी वाळूचा ठेवल्यासारखाच. क्लिनिकमधले डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कधी ते सांगता येत नाही. त्याने ते फक्त बायकोला, रबियाला सांगितलं होतं.

किचनमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण रमजानात तो रोजा धरून, न चाखता, सगळं इफ्तारचं जेवण शिजवायचा. मीठ हाताला कळतं, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं. आता तो एरवीही चाखत नाही म्हटल्यावर पोरांना त्याचं जास्तच कौतुक वाटायला लागलं.

पण मालकाने थेट इटलीहून नवा शेफ आणला आणि सगळं फिसकटलं. शेफने फर्मान काढलं: गुरुवारी प्रत्येकाने कागद न बघता बोलोन्याचा सॉस करून दाखवायचा. ज्याला जमेल तो राहील. ज्याला जमणार नाही त्याचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द. सिराजच्या इकाम्यावर रबियाचा इकामा होता, अफ्रीनचा होता, आणि अफ्रीनची कॉलेजची दोन वर्षं अजून बाकी होती.

तो स्वतः आजवर लसूण घालत आला होता, पण खऱ्या सॉसमध्ये लसूण घालत नाहीत असं त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं. एका व्हिडिओत घालतात, दुसऱ्यात नाही. स्वतः करून बघावं, तर जीभ मेलेली. किचनमध्ये विचारावं, तर संध्याकाळपर्यंत बातमी मुदीर जाफरच्या कानावर. मुदीर म्हणजे तिथला मॅनेजर. लसूण न घालण्याचं सिराजने जवळजवळ ठरवलं होतं. पण आता लेक खुद्द बोलोन्यात जेवून सांगत होती. पोटच्या पोरीच्या जिभेवर विश्वास नाही ठेवायचा, तर कुणाच्या?

गुरुवारी त्याने सॉस चार तास मंद आचेवर ठेवला. लसूण घातला. चिमूटभर साखर, किंचित मिरची. शेफने एक चमचा तोंडात घातला आणि चमचा खाली ठेवला.

“लसूण? बोलोन्याच्या सॉसमध्ये?”

वरिष्ठांना सिराजने कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. “माझ्या मुलीने परवाच बोलोन्यात खाल्लाय.”

“मग ती भलतीकडेच जेवली असेल,” शेफ म्हणाला.

जाफरने मान खाली घालून कागद पुढे केला. महिन्याभरात गाशा गुंडाळायचा होता. सिराज बसने खैतानला घरी आला. रस्ताभर त्याला एकच आधार होता. नोकरी गेली ती गेली, पण चूक त्या शेफची. खरी चव आपल्या लेकीने सांगितली होती, आणि आपला हात बरोबर होता. रबियाने डोळे पुसले. पोर दमून येईल, तिला दोन दिवसांनी सांगू, असं दोघांनी ठरवलं.

शुक्रवारी दुपारी अफ्रीन आली. गालफडं बसलेली. बॅग दारातच टाकून ती जेवायला बसली. मासळीचं सालन आणि भात तिने तीनदा घेतला. तोंडातला घास संपायच्या आत पुढचा.

“अगो, हळू,” सिराज म्हणाला. “तिथे इतकं खाऊन आलीस ना?”

“कुठलं खाऊन, अब्बा? मांस हलाल नाही, नाहीतर पोर्क, नाहीतर वाइन. चीज कशाचं तेही कुणी धड सांगेना. मी ब्रेड आणि केळ्यांवर दिवस काढले. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही इथे जेवला नसता.”

रबियाच्या हातातली पळी तशीच राहिली. तिने नवऱ्याकडे बघितलंच नाही.

“मग ती सॉसची चव?” सिराजने विचारलं. “लसूण, गोडसर, शेवटी मिरची?”

“ती होय?” अफ्रीन बोटं चाटत हसली. “तुमच्याच सॉसची. डोळे मिटून आठवायची आणि सांगून टाकायची.”