लाल शेंडे

चंद्री म्हैस दावं तोडून गवतात शिरलेली दिसली आणि सुलभा हातातलं काम टाकून तिकडे धावली. त्या पट्ट्यातले शेंडे लालभडक होते. रानज्वारीच्या या संकरित गवतात पाणी कमी पडलं की विष तयार व्हायचं, आणि तसं झालं की त्याचे शेंडेच लाल व्हायचे. लाल दिसलं की पाणी सोडायचं आणि पुन्हा हिरवं होईपर्यंत विळा लावायचा नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"अहो, धावा! चंद्रीनं लाल गवत खाल्लं!"

तिचा नवरा दिगंबर धापा टाकत आला. चंद्री मजेत रवंथ करत होती. त्याने एक पातं चिमटीत धरून चोळलं. बोटं लाल झाली, पातं हिरवंगार निघालं.

"अगं, गुलाल आहे हा! काल तुझ्या जावेची मिरवणूक इथूनच गेली की!"

सुलभा मटकन बांधावर बसली. सरपंचपदाच्या निवडणुकीत जावेकडून हरल्यावर काल तिने मिरवणुकीच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं. आता तिने चंद्रीच्या गुलाली तोंडावरून हात फिरवला आणि तोच हात आपल्या कपाळाला लावला.

"हे काय?" दिगंबरने विचारलं.

"काही नाही. काल राहिला होता."