न येणारी उत्तरं

“तिची आई कान भरते तिचे. दुसरं काही नाही,” तो म्हणाला आणि त्याने अर्ज टेबलावर ठेवला.

समुपदेशक बाईंनी चष्मा चढवला. लिफ्ट दुरुस्तीची कामं करणारा हा माणूस तीन महिने दर शनिवारी कोर्टाच्या या खोलीत आपल्या सात वर्षांच्या मुलीला दोन तास भेटत होता. घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडे. मागचे दोन शनिवार मात्र ती खोलीत पाऊल टाकायला तयार नव्हती. आई मुलीच्या मनात विष कालवते, तेव्हा ताबा मला मिळावा, असं अर्जात लिहिलं होतं. वकील म्हणाला होता, हा मुद्दा सोडू नका.

“ठेवून जा,” बाई म्हणाल्या. “पण आधी जरा बसा. त्या दोघी आल्यात, शेजारच्या खोलीत.”

मधली भिंत प्लायवूडची होती. पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. आता तुम्हीच ऐका, अशा तोऱ्यात त्याने बाईंकडे पाहिलं.

“जा गं राणी,” आई म्हणत होती. “बाबा आठवडाभर तुझी वाट बघतात. आज सुट्टी टाकून आलेत.”

“नको.”

“रागावतात का?”

“नाही.”

“मग काय झालं?”

मुलगी हळूच म्हणाली, “मला उत्तरं येत नाहीत.”

“कसली उत्तरं? पाढे विचारतात का?”

“पाणी दे ना,” मुलगी म्हणाली.

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. घरी कोण येतं, आई फोनवर कोणाशी बोलते, कोणाच्या गाडीवरून जाते. दर शनिवारी हेच खोदून खोदून विचारायचं आणि वकिलाला कळवायचं. आणि पोरीने त्यातलं अक्षरही आईच्या कानावर घातलं नव्हतं. एवढीशी पोर दोघांनाही सांभाळून घेत होती.

बाई मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या. तेच त्याला जास्त लागलं. त्याने अर्ज उचलला. घडी नीट जमेना, तसाच खिशात कोंबला.

“का हो?” बाईंनी विचारलं.

“चुकीचं लिहिलंय.”

थोड्या वेळाने दार उघडलं. मुलगी एकटीच आत आली. खुर्चीच्या टोकावर बसली, हाताची घडी घातली आणि त्याने तोंड उघडायच्या आत भराभर म्हणून टाकलं, “घरी कोणी आलं नाही. आई फक्त मावशीशी बोलते. गाडीचं मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.”

त्याला मान वर करवेना. “आजपासून मी असलं काही विचारणार नाही,” तो कसाबसा म्हणाला.

तिने त्याला निरखून पाहिलं. हे खरं की खोटं, तिला कळेना.

“मग दोन तास आपण करायचं काय?” तिने विचारलं.