खाटेच्या पलीकडे

“पुढची जोडी,” बाईंनी हाक मारली, आणि थोरली एकटीच उठली.

खाटेवर पेशंट म्हणून ड्रायव्हरकाका आडवे झाले होते. निवृत्तीनंतर, अंथरुणाला खिळलेल्या बायकोचं नीट करता यावं म्हणून ते रुग्णसेवेच्या या वर्गाला यायला लागले. आज सकाळपासून त्यांना सगळ्यांनी इकडून तिकडे वळवलं होतं. कॉलेजच्या या खोलीत चाळिशी ओलांडलेलेच जास्त. परीक्षा म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पेशंटला न उठवता त्याच्याखालची चादर बदलायची. एकीने त्याला आपल्याकडे वळवून धरायचं, दुसरीने पलीकडून चादर सरकवायची. एकटीचं ते काम नव्हे.

आणि रोजची जोडी परीक्षेला द्यायची नाही, हा बाईंचा शिरस्ता. दवाखान्यात समोर कोण उभं राहील हे आपल्या हातात नसतं, असं त्या म्हणायच्या. नावं आयत्या वेळी कळत.

“तुमच्यासोबत तुमची धाकटी जाऊ आहे,” बाई म्हणाल्या. “कुठे राहिली ती?”

थोरलीच्या हिशेबाने धाकटी घरी होती. परीक्षा दुपारी आहे अशा समजुतीत ती निवांत असणार. तशीच तर तिला ठेवली होती.

काल धाकटी सासूबाईंचं औषध आणायला वर्गातून लवकर निघाली, आणि नेमकी त्यानंतर बाईंनी परीक्षा दुपारची सकाळी केली. “एकाच घरात राहता, तुम्हीच सांगा तिला,” असंही बजावलं. थोरलीने मान हलवली. संध्याकाळी भांडी विसळता विसळता धाकटीने विचारलं, “ताई, उद्याचं काही सांगितलं का हो बाईंनी?” थोरली म्हणाली, “नाही गं.” तिचा आवाजसुद्धा हलला नाही.

दवाखान्यात नोकरीची एक जागा होती. वर्गातून एकच नाव बाई कळवणार होत्या. ते नाव कोणाचं असेल, हे थोरलीला दिसत होतं, आणि तिच्या अंगाची लाही लाही होत होती.

धाकटीला इथे आणलं कोणी? थोरलीनेच. आधी घरच्यांशी भांडून ती एकटी यायची. इथे तिला कोणी वहिनी म्हणत नव्हतं, सूनबाई म्हणत नव्हतं. चक्क नावाने हाक मारायचे. मग येता-जाता सोबत हवी म्हणून हौसेने तिने जावेला ओढून आणलं. महिन्याभरात धाकटी सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाली. कोणी आलं नाही की फोन करून चौकशी करायची, कोणाचं काही अडलं की शेजारी जाऊन बसायची. बाईही उठसूट म्हणायच्या, “हिचा हात बघा, किती हलका!” आणि थोरलीचं नाव जाऊन तिची इथेही थोरली झाली. घरात सगळं वाटून घेतलंच होतं, ओटा, सासूबाई, अगदी फ्रीजमधला कप्पासुद्धा. एवढं एक तरी माझं एकटीचं राहिलं असतं, तर हिचं काय बिघडलं असतं?

“येणार नाही बहुतेक,” थोरली म्हणाली.

बाईंनी घड्याळ पाहिलं. “मग राहू दे. शिंपीणबाईंना घ्या समोर. रोजची जोडी आहे तुमची, आजच्यापुरतं चालेल. धाकटीचं आता पुढच्या तुकडीबरोबर बघू.”

झालं. इतकं सोपं होतं. शिंपीणबाई पदर खोचून पुढे आल्या. थोरलीने चादरीची घडी उचलली.

“वाईट वाटतं,” बाई सहज बोलल्या. “मी कधी कोणाचं ऐकत नाही, पण तिने मागितली म्हणून ही जोडी दिली होती. तिचा हात हलका आहे खरा, पण परीक्षेच्या नावाने थरथरतो. म्हणाली, पलीकडून ताईंनी धरलेलं असलं की माझ्याकडून पेशंट पडणार नाही.”

थोरली घडी हातात घेऊन उभी राहिली. आपला हात कोणाला लागत असेल, हे इतक्या दिवसांत तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की काकांच्या तोंडाकडेही बघवेना.

“काय झालं? धरा की,” शिंपीणबाई म्हणाल्या.

“ती येणार नाही म्हणाले, ते खोटं होतं,” थोरली बाईंना म्हणाली. “तिला मी सांगितलंच नाही. मुद्दाम. कळवायचं असेल तर तिचंच नाव कळवा. पण थोडं थांबा.”

काकांनी डोळे मिटून घेतले.

व्हरांड्यात येऊन थोरलीने फोन लावला. पहिल्याच रिंगला धाकटीने उचलला.

“अगं, आहेस तशी नीघ,” थोरली म्हणाली. “परीक्षा आत्ताच आहे. मी तुला... ते मग सांगते. तू आधी ये.”

पलीकडून फोन बंद झाला. मग खालच्या जिन्यावर चपला वाजल्या. धाकटी धापा टाकत वर आली. परीक्षेचा पांढरा कोट तिने घातलेलाच होता, आणि रडून रडून डोळे सुजले होते.

“परीक्षा सकाळी आहे हे सांगायला ड्रायव्हरकाकांनी कालच फोन केला होता, ताई, तुम्हाला विचारायच्या आधी,” ती म्हणाली. “तुमच्या मागोमाग आले, सकाळपासून खालीच बसलेय. पण तुम्ही ये म्हटल्याशिवाय वर कशी येऊ?”