कारवारच्या पुढचा शिधा

हर्णैपासून कोचीपर्यंतचा जलमार्ग आखून झाल्यावर होडीवरच्या वाट दाखवणाऱ्या यंत्राने शिधा सांगितला. कारवारपर्यंत दोघांचे तांदूळ आणि सुकी मासळी. तिथून पुढे, खाड्याकालव्यांतून, एकाचंच.

नवशाने पुन्हा विचारून पाहिलं. उत्तर तेच. या यंत्राचा अंदाज आजवर कधी चुकला नव्हता.

"एकाचं म्हणजे कुणाचं?" त्याच्या बायकोने, मंजुळीने विचारलं.

"नाव सांगत नाही. सभ्य आहे."

न जाऊन चालणार नव्हतं. कोचीला लेकीचे दिवस भरत आले होते आणि रस्ते केव्हाच समुद्राखाली गेले होते.

नवशाने डोकं चालवलं. "तुझ्या भावाला बरोबर घेऊ. माणूस कमी व्हायचंच असेल तर एखादं जास्तीचं असलेलं बरं."

"माझाच भाऊ का?"

"माझ्या भावाला पोहता येतं."

मंजुळीचा भाऊ पद्मन लगेच पिशवी घेऊन हजर झाला. गळ्यात तुळशीची माळ घालून मासळी सोडलेला अख्ख्या कोळीवाड्यात तो एकटाच. फुकटचा प्रवास मात्र त्याने कधी सोडला नव्हता.

मंजुळीने दर्याला नारळ दिला. नवशाने यंत्राला तिसरं माणूस सांगितलं.

कारवारपर्यंत तिघांचा शिधा आला. तिथून पुढे पुन्हा एकाचाच: तांदूळ आणि डाळ. मासळी नाही.

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून त्या माळेकडे पाहिलं.

"चला की भावोजी," पद्मन होडीत पाय पसरत म्हणाला, "बाळंतपणाला मामा तरी वेळेवर पोचायला हवा."