पडला तर

"मागचा लॅपटॉप कशानं फुटला होता?" दुकानदारानं विचारलं.

"पडला," नागोराव म्हणाला.

नलूनं खांद्यावरचा पदर सारखा केला. पडला म्हणे. आपल्या हातानं उचलून बायकोच्या खांद्यावर आपटला होता यानं. तिचा उजवा हात अजून वर जात नव्हता. त्या दिवशी घरात दोघं पडले, लॅपटॉप आणि नलू. लॅपटॉपचं नागोराव आज सांगत होता. नलूचं तिनंच तेव्हा दवाखान्यात सांगितलं होतं, न्हाणीत पाय घसरला म्हणून.

पांढरकवड्याच्या बाजारातलं दुकान, भर दुपारची गर्दी. त्यांची पोरगी उर्वशी नव्या लॅपटॉपचं खोकं पोटाशी धरून उभी होती. मागच्याबरोबर तिचा कॉलेजचा सारा अभ्यास गेला होता.

"मंग तुम्ही वाढीव वारंटी घ्याच, भाऊ," दुकानदार म्हणाला. "तीन वर्षं. पडला, पाणी सांडलं, सारं बसते त्याच्यात. जाणूनबुजून फोडला तं मात्र नाही."

"जाणूनबुजून कोन फोडते?"

दुकानदार हसला. "आपन पडला म्हणूनच सांगाचं. पाहाले कोन येते?"

"लिहा मंग. आता पडू द्या किती पडते तं."

बोलताना नागोरावाचा हात नलूच्या खांद्यावर होता. बघणाऱ्याला वाटावं, काय जीव आहे बायकोवर. अंगठा मात्र नेमका त्या दुखऱ्या हाडात रुतत होता. नलूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मेल्याला तीन वर्षांची मोकळीक लिहून मिळत होती. निदान नुकसानीच्या भीतीनं तरी एखादे वेळी हात आवरला असता. आता तेही नाही. लॅपटॉपला नवी काच बसेल, तिला खांदा कोण बसवून देणार?

"वारंटी नको," ती म्हणाली.

"काहून?"

"फुकटात भरून भेटते म्हटल्यावर रोज फोडसान तुमी. त्याले बी आन् मले बी."

नागोरावानं तिचा अंबाडा धरला आणि तोंड काउंटरच्या काचेवर आदळलं. एकदा, मग पुन्हा. दुसऱ्यांदा काच तडकली. उर्वशीच्या हातातलं खोकं खाली गेलं आणि ती बापाच्या मनगटाला लोंबकळली, पण त्याची मूठ सुटेना.

दुकानदारानं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण बाहेर माणसं गोळा व्हायला लागली होती, आणि दुकान म्हटलं की अब्रू आलीच.

"अरे, काकू पडल्या का?" तो मोठ्यानं म्हणाला. "पानी आना कोनी तरी."

सगळे नलूकडे बघू लागले. याचं उत्तर तर तिला तोंडपाठ होतं. वर्षानुवर्षं तेच देत आली होती, माहेरी, शेजारी, दवाखान्यात. तिनं तोंडातलं रक्त काचेवर थुंकलं.

"पडली नाही," ती म्हणाली, पायरीवरच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "जाणूनबुजून."

नागोरावाची मूठ अजून तिच्या केसांत होती. एवढ्या लोकांदेखत ती आता सोडायची कशी, हे त्याला सुचत नव्हतं.